मयताचे कारण : पुढील भागात

एकतिसावा भाग काल आला.
पिशवीत दोडकी, दोडक्यांखाली तो.
मुखपृष्ठावर परत तीच विहीर, तोच हात,
अंगठी तेवढी बदललेली.

मी महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीला बसतो.
बसतोच. आमच्यात बायका 'बसतो'च म्हणतात.
तुमची शुक्रवार पेठेतली हडळ, लेखकमहाशय,
'येते हं' म्हणून भिंतीत शिरली
तेव्हाच मी ओळखलं,
तुम्ही गंगावेशीत उभं राहून
कधी दूधसुद्धा प्यालेलं नाही.

पहिला भाग कुंदा शिरगावेनं दिला, टायपिंगच्या क्लासात,
वर्तमानपत्राचं कव्हर घालून.
त्यात विहीर नव्हती, हात नव्हता.
एक भाड्याची खोली, एक मोरी,
रात्री पालथी घातलेली बादली
सकाळी भरलेली.
बास, एवढंच.
त्या रात्री मी उजाडेपर्यंत मोरीकडं गेलो नाही.
कळ सोसली, पण गेलो नाही.
दुसऱ्या दिवशी कुंदा म्हणाली, 'मी पण.'
आणि दोघी हसत सुटलो, मशीनवर डोकं टेकून.

मग तुम्हाला यश बाधलं.

नवव्या भागात अभिराम राजेशिर्के मेला.
मी खरोखर रडलो, डबा तसाच परत नेला.
दहाव्यात तो दारात उभा. मेला तो जुळा भाऊ.
चौदाव्यात पुन्हा मेला, पंधराव्यात ते स्वप्न निघालं.
एकविसाव्यात त्याची बायको गेली, ती तेविसाव्यात
सासूच्या अंगात आली, आणि सासू
आणखी कुणाच्या तरी अंगात.
मी वहीत तक्ता काढला, लाल शाई मेलेल्यांना,
निळी परत आलेल्यांना.
निळी आधी संपली.
सव्विसाव्यात भुतांची महासभा भरली
आणि कोरमअभावी तहकूब झाली.
अहो, आमची बरी की.

माझ्या खिडकीला या एकदा, सकाळी अकराला.
परवा कळंब्याचा एक पोरगा आला होता,
बापाच्या नावातली वेलांटी चुकलेली.
करून दिली. वेलांटी दुरुस्त होते.
तो गेला नाही, कागद धरून तिथंच उभा,
मग म्हणाला, 'तारीख पण बघा की जरा.'
तारीख बरोबर होती.
दोघांनाही माहीत होतं.

कुंदाची नोंद माझ्याच हातची आहे.
सत्ताविसावा भाग तिच्या नवऱ्यानं आणून दिला,
एकशे बारा पानावर के.एम.टी.चं तिकीट.
तिथून पुढं मी वाचतो ते दोघींचं वाचतो,
म्हणून तर सोडवत नाही,
दर वेळी 'हा शेवटचा' म्हणून आणतो.
तिचा एकच प्रश्न होता, इतकी वर्षं, चहाच्या गाडीवर,
'बादली कोण भरायचं गं?'
मी म्हणायचो, 'सांगू नये त्यानं.
सांगितलं तर पायताण घेऊन जाईन त्याच्या दारात.'

काल सांगितलंत.
पान सहा, खालून चौथी ओळ, जाता जाता:
अभिरामची चुलत आत्या, तहानेनं मेलेली,
सविस्तर कथा बत्तिसाव्या भागात.

पुस्तक मिटलं. दोडकी चिरली.
पायताण उंबऱ्याशी होतं, तिथंच राहिलं.
रात्री मोरीतली बादली पालथी घातली,
दिवा मालवला, कान देऊन पडलो.

सकाळी पालथीच होती.